आखेनमधला पहिला रविवार

तुझा प्रश्न असा होता: "शनिवारी रात्री आखेनला पोचतेय, सोमवारपासून युनिव्हर्सिटीची धावपळ. मधला रविवार खोलीत बसून कागदपत्रं लावू की शहर बघू? आणि एकटीने फिरताना हरवले तर?"

शहर बघ. कागदपत्रं रविवारी लावून उपयोग नाही, एकही ऑफिस उघडं नसतं. फक्त एक कर. आन्मेल्डुंग, म्हणजे आपल्या पत्त्याची सरकारदरबारी नोंद, करायला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. तो खोलीची किल्ली घेतानाच मागून घे. मी नंतर मागायला गेलो आणि त्यात दोन आठवडे गेले.

मी साताऱ्याहून आलो तेव्हा माझाही पहिला दिवस रविवारच होता. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. घरात दूध नाही, मीठ नाही, आणि खोलीच्या छताला बल्बसुद्धा नाही, नुसत्या दोन वायरी लोंबतायत. इथे बरेच भाडेकरू जाताना दिवे काढून नेतात. मोबाइलच्या उजेडात आईने दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, जॅकेट पांघरून झोपलो. तेव्हा बॅगेत एक चादर आणि दोन दिवस पुरेल असा कोरडा खाऊ टाकच. तीन-चारशे युरो रोख जवळ असू देत, कारण ब्लॉक्ड अकाउंटमधले, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेले पैसे इथलं बँक खातं उघडल्याशिवाय हातात येत नाहीत. सेमेस्टर तिकीट, म्हणजे विद्यार्थ्यांचा प्रवासाचा पास, साधारण १ ऑक्टोबरपासून लागू होतं, त्याआधी उतरत असशील तर बसचं तिकीट काढावं लागेल.

आता हरवण्याचं. आखेनच्या मध्यात हरवणं अवघड आहे, त्याची युक्ती सांगतो. रस्त्याच्या पाटीवर शेवटी 'ग्राबेन' आहे का बघ: टेम्प्लरग्राबेन, हिर्शग्राबेन, झाइलग्राबेन, कापुत्सिनरग्राबेन, कार्ल्सग्राबेन. ग्राबेन म्हणजे खंदक. बाराव्या शतकात शहराला तट बांधला, त्याच्या खंदकाच्या जागी आज हे रस्ते आहेत, आणि ते मिळून गोल फिरतात. पुण्यात 'पेठ' दिसली की आपण जुन्या गावात आहोत हे कळतं, तसं इथे ग्राबेन लागला की आपण जुन्या गावाच्या कडेला आहोत असं समजायचं आणि आत वळायचं. युनिव्हर्सिटीची मुख्य इमारत याच गोलावर, टेम्प्लरग्राबेनला आहे. म्हणजे रविवारी हा गोल पायाखालून गेला की सोमवारी नकाशा काढायची गरज नाही. मी पहिले सहा महिने बसने फिरलो आणि गाव मला तुकड्यातुकड्यांतच कळलं. ती चूक तू करू नकोस.

सकाळी बेकरीपासून सुरुवात कर. रविवारी काही तास बेकऱ्या उघड्या असतात. शाकाहारी असशील तर 'ओने फ्लाइश' हे दोन शब्द पाठ कर, मांस नको. प्रिंटेन म्हणून इथला मसालेदार बिस्किटासारखा प्रकार मिळतो, त्यात खडीसाखरेचे तुकडे असतात. वास थेट आपल्या मसाल्याच्या डब्याचा. कडक घेतलंस तर गुळाची चिक्की परवडली म्हणशील, मऊही मिळतं.

स्टेशनपासून पंधराएक मिनिटं चालत गेलीस की एलिझेनब्रुनेन लागेल, खांबांची पांढरी वास्तू. जवळ जाण्याआधीच नाकाला कळेल. सडक्या अंड्याचा वास! गटार फुटलंय असं मला वाटलं होतं. ते गंधकाचं गरम पाणी आहे, सुमारे ५२ अंशांचं, भिंतीवरच्या तोट्यांतून सतत वाहतं. वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडं पाहिली असतील तर लगेच ओळख पटेल. या झऱ्यांसाठीच रोमन इथे आले, आणि पुढे फ्रँक लोकांचा सम्राट शार्लमेन यानेही आपला मुक्काम याच पाण्याशेजारी टाकला. इथले लोक त्याला कार्ल म्हणतात. पाणी प्यायचं नाही, पाटी लावलेली आहे, पण हात धुवून घे. मागच्या बागेत एका काचेच्या खोलीत उत्खनन उघडं ठेवलंय, त्यात रोमन काळापासूनचे थर दिसतात.

तिथून कॅथेड्रल दोन मिनिटांवर. रविवारी सकाळी प्रार्थना चालू असतात, पर्यटकांना दुपारी सोडतात, म्हणून घाई नको. आधी दारापाशी थांब. गोष्ट अशी सांगतात की बांधकामाचे पैसे संपले तेव्हा गावकऱ्यांनी सैतानाकडून कर्ज घेतलं. बोली अशी की दारातून पहिला जो आत येईल त्याचा आत्मा सैतानाचा. बांधून झाल्यावर गावकऱ्यांनी आत लांडगा सोडला. सैतान इतका भडकला की दार आपटताना त्याचा अंगठा दारातच तुटून राहिला. दारावर सिंहाचं कांस्याचं तोंड आहे, त्यात बोट घालून अंगठा लागतो का बघ. सगळेच बघतात.

आतला जुना भाग आठकोनी आहे आणि बाहेरून सोळाकोनी. त्याची प्रतिष्ठापना ८०५ साली झाली असं मानतात, म्हणजे आपल्याकडे राष्ट्रकूट गोविंद तिसऱ्याचा काळ, वेरूळचं कैलास लेणं तेव्हा नुकतंच कोरून झालेलं. ९३६ ते १५३१ या काळात तीसएक जर्मन राजांचे राज्याभिषेक इथे झाले. १९७८ साली युनेस्कोने जागतिक वारशाची पहिली १२ ठिकाणं जाहीर केली त्यात हे कॅथेड्रल होतं. कार्लचं संगमरवरी सिंहासन वरच्या मजल्यावर आहे, ते फक्त गाइडबरोबरच बघता येतं. सिंहासन म्हणून काही थाट नाही, चार साध्या फरश्या जोडल्यासारखं. मला तेच आवडलं.

आणि परक्या गावात आपण कोण, असं वाटायला लागलं तर एक लक्षात ठेव. बगदादच्या खलिफाने, हारून अल-रशीदने, कार्लला एक जिवंत हत्ती भेट पाठवला होता, तो ८०२ साली इथे पोचला. अबुल-अब्बास त्याचं नाव. आल्प्स ओलांडून चालत आला. तुझ्या दोन बॅगा त्यामानाने काहीच नाहीत.

कॅथेड्रलच्या मागे काट्शहोफ चौक आणि पलीकडे रातहाउस, म्हणजे नगरभवन, कार्लच्या दरबाराच्या पायावरच चौदाव्या शतकात बांधलेलं. इथल्या गल्ल्या तिरक्या आणि चौक त्रिकोणी का, हे कोडं मला बरेच दिवस होतं. रोमन रस्ते एका दिशेने आखलेले, आणि कार्लने आपला राजवाडा मात्र सरळ पूर्व-पश्चिम बसवला. दोन्हींचा मेळ बसला नाही, तो तिरकेपणा बाराशे वर्षं तसाच राहिलाय. तू सिव्हिलची आहेस, तुला मजा येईल.

रातहाउससमोरच्या मार्केट चौकातून पोंटश्ट्रासे या रस्त्याने खाली ये. ही विद्यार्थ्यांची गल्ली, स्वस्त खाणं इथेच. टोकाला पोंटटोर, बाहेरच्या तटाची उरलेली वेस. पुढे लूसबेर्ग टेकडी आहे. पाय दुखत असतील तर टेकडी दुसऱ्या रविवारी.

त्याऐवजी संध्याकाळी वाल्सची बस पकड. हे नेदरलँड्समधलं गाव आखेनला चिकटूनच आहे, बसने अर्ध्या तासाच्या आत, आणि तिथली सुपरमार्केटं रविवारी उघडी असतात. अर्धं आखेन तिकडे पिशव्या घेऊन निघालेलं दिसेल. पासपोर्ट जवळ ठेव, सध्या सीमेवर कधीकधी तपासणी होते. मला हे वर्षभराने कळलं. त्या दिवशी घरी फोन करून सांगितलं, दूध आणायला दुसऱ्या देशात आलोय, तर आई म्हणाली, "जवळचं दुकान नाही का रे?"

दूध, मीठ, बटाटे, आणि आठवणीने एक बल्ब घे.