पर्यावरणविषयक सरकारी अनुदानाचा दुसरा हप्ता मागताना काय काय जोडावे लागते?

देवराईतील लागवडीसाठी मिळालेल्या केंद्राच्या अनुदानाचा पहिला हप्ता संपत आला असून दुसऱ्याच्या मागणीपत्रासोबत काय जोडावे, असे आपण विचारले आहे. मी एका ग्रामीण संस्थेचे हिशेब अकरा वर्षे सांभाळले, म्हणून लिहितो. सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ मधील १२-ए नमुन्यातले उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा मंजूर कामासाठीच वापरला, असा दाखला), सनदी लेखापालांनी तपासलेले खर्चाचे विवरण, प्रगती अहवाल आणि जागेची छायाचित्रे हे तर लागतेच. परंतु माझ्या अनुभवात मागणी अडते ती कागद कमी पडल्यामुळे नव्हे, तर कागदांवरच्या तारखा एकमेकींशी जुळत नसल्यामुळे.

२०१९ साली आमच्या देवराईत जांभूळ, करंज आणि बेहड्याची १,५६० रोपे लावायची होती. मंजुरी येणार हे तोंडी कळले होते, मृगाचा पाऊस पडून गेला होता, आणि उशीर केला तर रोपे जगणार नाहीत या रास्त काळजीने आमच्या सचिवांनी रोपे उचलली. रोपवाटिकेचे देयक ६२,४०० रुपयांचे, तारीख २४ जून. मंजुरीपत्रावर मात्र ११ जुलै ही तारीख होती, आणि त्या तारखेपूर्वीचा खर्च अनुदानात धरता येणार नाही, अशी अट त्यातच छापलेली होती.

मागणी तयार करताना सचिव ते देयक माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, ‘‘जूनचा जुलै करायला कितीसा वेळ लागतो? रोपवाटिकावाले नवीन देयक द्यायला तयार आहेत.’’ मी हजेरीपट काढून त्यांच्यासमोर ठेवला. त्यावर २७ जूनपासून खड्डे भरणे आणि लावणी, आणि प्रत्येक नावापुढे मजुराची सही किंवा अंगठा. देयक जुलैचे केले असते, तर रोपे विकत घेण्याआधीच ती लावली गेली, असे आमच्याच कागदांवरून दिसले असते. मग हजेरीपटही नवा लिहावा लागला असता आणि त्यावर तेच अंगठे पुन्हा घ्यावे लागले असते. मी नकार दिला. ती रक्कम संस्थेच्या स्वतःच्या खर्चात टाकली आणि अनुदानाच्या विवरणात तेवढी शिल्लक दाखवली. दुसरा हप्ता त्या शिलकीइतका कमी आला, आणि माझ्यामुळे संस्थेचे ६२,४०० रुपये बुडाले, असे सचिव आजही म्हणतात.

पाऊस मंजुरीपत्रासाठी थांबत नाही, हे त्यांचे म्हणणे मला तेव्हाही मान्य होते. पण मग तो खर्च स्वतःचा आहे असे सांगण्याची तयारी हवी. ज्या संस्थेकडे एका हंगामाच्या रोपांपुरती स्वतःची गंगाजळी नाही, तिने सरकारी अनुदान घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्याजाबाबतही आमचा असाच वाद झाला होता. आगाऊ मिळालेल्या अनुदानावरचे व्याज कामासाठी वापरले तर काय बिघडले, असे त्यांना वाटे; पण वर सांगितलेल्या वित्तीय नियमांतील नियम २३० नुसार ते भारताच्या संचित निधीत, म्हणजे केंद्र सरकारच्या मुख्य खजिन्यात, भरावे लागते. आपण ते भरले असेल तर चलनाची प्रत जोडा, नसेल तर आधी भरा.

हे सर्व केंद्राच्या थेट अनुदानाला लागू आहे. राज्याच्या योजनांचे नमुने वेगळे असू शकतात, आणि २०२२ पासून केंद्राच्या अनेक योजनांत संस्थेला शून्य शिलकीचे खाते दिले जाते. तिथे पैसा खर्चाच्या वेळीच येत असल्याने व्याजाचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. आपल्या मंजुरीपत्रातील अटी आमच्यापेक्षा वेगळ्या असतील, तर त्याच अंतिम माना. मागणीपत्र पाठवण्यापूर्वी देयके, हजेरीपट आणि बँकेचा उतारा एकाच टेबलावर पसरून तारखा स्वतः ताडून पाहा. मंजुरीपूर्वीचे एखादे देयक निघालेच, तर ते बाजूला काढून सचिवांना त्याच दिवशी लेखी कळवा आणि त्यांची पोच घ्या. मी तोंडी सांगितले होते.