‘फोनवर लोक मला मॅडम म्हणतात, मी कसला व्हॉइस ओव्हर करणार?’

घरबसल्या व्हॉइस ओव्हरचं, म्हणजे जाहिराती, पुस्तकं वगैरेंना आवाज द्यायचं काम सुरू करायचंय म्हणणारी माणसं माझ्याकडे अधूनमधून येतात. आधी विचारतात माईक कोणता घेऊ, नोकरी सोडू का, कामं कुठे मिळतात वगैरे, आणि निघायची वेळ झाली की दाराशी उभं राहून खरा प्रश्न बाहेर पडतो. माझा रेकॉर्ड केलेला आवाज मलाच ऐकवत नाही हो, मग लोक पैसे देऊन कशाला ऐकतील?

ही गोष्ट अशाच एकाची आहे. लिहायला त्याची परवानगी घेतलीये आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

वय छत्तीस, हिशेबाच्या कामातली नोकरी, बायको, सहा वर्षांची मुलगी. तो मला डॉक्टर म्हणायचा. मी डॉक्टर नाही, समुपदेशक आहे, हे दोनदा सांगून झालं तरी पुन्हा डॉक्टरच. म्हटलं असेल सवय. पण तिसऱ्या भेटीत लक्षात आलं की बाकी सगळे मला ‘मॅडम’ म्हणतात आणि त्याला तो शब्दच तोंडात घ्यायचा नव्हता, कारण फोनवर तो शब्द वर्षानुवर्षं त्याच्या अंगावर येत होता. ‘हॅलो’ म्हटलं की पलीकडून ‘हां मॅडम, साहेब आहेत का?’ आवाज बारीक, वरच्या पट्टीतला. ऑफिसात एक जण त्याची नक्कल करतो आणि सगळे हसतात, हा पण हसतो. शक्यतो फोन करत नाही, मेसेज टाकतो.

पण हे सगळं नंतर कळलं. पहिल्या दिवशी तो फक्त सामानाबद्दल बोलला. आधी यूएसबीचा कंडेन्सर माईक घेतला, तो पंख्यापासून शेजारच्यांच्या भांडणापर्यंत सगळंच पकडायचा म्हणून विकला, मग डायनॅमिक माईक, मग त्यासाठी ऑडिओ इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडायचा डबा), मग पॉप फिल्टर (माईकवर आदळणारी हवा अडवणारी जाळी), मग भिंतीला फोम लावला, फोमने खोलीतला घुमारा कमी होतो पण बाहेरचा आवाज थांबत नाही हे लावून झाल्यावर कळलं, मग खिडकीचं काम काढलं. मधे दोन ऑनलाइन कोर्स. एसीएक्सवर, म्हणजे अॅमेझॉनच्या ऑडिओबुकांच्या साइटवर, ऑडिओबुक द्यायचं तर नॉईज फ्लोअर (गप्प असताना उरणारा गोंगाट) मायनस ६० डेसिबलच्या खाली, पीक (सगळ्यात मोठा आवाज) मायनस ३ च्या वर जाता कामा नये, आरएमएस (आवाजाची सरासरी पातळी) मायनस २३ ते मायनस १८ च्या मधे, हे त्याला पाढ्यांसारखं पाठ होतं. मला यातलं निम्मं तेव्हा कळलं नाही, घरी जाऊन वाचलं.

“आतापर्यंत किती जणांना सॅम्पल पाठवलंत?” मी विचारलं.

“अजून नाही. रूम तयार नाहीये ना.”

या सगळ्याला चौदा महिने झाले होते.

लिहिणारा माणूस पेनं घेत बसतो, पळायचंय म्हणणारा बूट बघत बसतो, तसलाच प्रकार. पण आळस म्हणाल तर अजिबात नाही, उलट माणूस रोज रात्री दोन तास या कामाला देत होता. फक्त ते दोन तास अशा रीतीने खर्च होत होते की त्याचा आवाज कुणाच्या कानावर पडायची वेळच येऊ नये.

दुसऱ्या भेटीत मी म्हटलं ऐकवा काहीतरी. खूप आढेवेढे घेऊन त्याने फोन टेबलावर ठेवला, प्ले केलं, आणि उठून खिडकीपाशी गेला. माझ्याकडे पाठ. दीड मिनिटाचं रेकॉर्डिंग होतं आणि तेवढा वेळ तो खिडकीच्या चौकटीवरचा रंग नखाने खरवडत होता. (तो टवका अजून तसाच आहे, मी मुद्दाम रंगवून घेतलेला नाही.)

इथे मी चूक केली, आणि इतकी वर्षं हे काम करून करावी अशी नव्हती. म्हटलं, “अहो छान आहे की आवाज!” तो वळला आणि म्हणाला, “तुम्ही तसंच म्हणणार ना.” पुढे आणखी एक चूक. त्याला सांगितलं की बार्ट सिम्पसन या कार्टूनमधल्या पोराचा आवाज १९८७ पासून नॅन्सी कार्टराइट ही बाई देतेय, आवाजाचं आणि माणसाचं असं काही जुळलंच पाहिजे असं नसतं. यावर तो शांतपणे म्हणाला, “म्हणजे बाईला मुलाचं काम मिळतं. पुरुषाला काय मिळतं?” बरोबर होतं त्याचं. दिलासा संध्याकाळपर्यंत टिकतो, दुसऱ्या दिवशी माणूस पुन्हा मागायला येतो, आणि दर वेळी थोडा जास्त द्यावा लागतो. घरच्यांनीही हे ध्यानात ठेवलं तर बरं, ‘तुझा आवाज मस्तच आहे गं’ हे दिवसातून चार वेळा म्हणून कुणाचा आत्मविश्वास वाढलेला मी तरी पाहिलेला नाही.

त्याला एकदा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे आणि तिथून स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं. वयात आल्यावरही पुरुषाचा आवाज मुलासारखा वरच राहणं याला प्युबरफोनिया म्हणतात आणि आवाजाच्या व्यायामांनी तो बहुतेकदा सुधारतो, त्यामुळे ते तपासून घेणं गरजेचं होतं. रिपोर्ट नॉर्मल. आवाज बारीक आहे, बस्स, आजार नाही. हे सांगताना तो थोडा हिरमुसला होता. मला वाटतं त्याला आजार निघायला हवा होता, म्हणजे औषध मिळालं असतं.

मग मी विचारलं की फोन उचलायची सुद्धा भीती वाटते तर हेच काम का? दुनियेत इतकी कामं आहेत. बराच वेळ गप्प. मग म्हणाला की मुलीला रात्री गोष्ट वाचून दाखवतो, राक्षस, म्हातारी, उंदीर सगळे आवाज काढतो, आणि बायकोने वाचलं तर मुलगी म्हणते तू नको, बाबा वाचू देत. “तेव्हा मला माझा आवाज आठवतच नाही,” असं म्हणाला. हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं, कारण पुढचं सगळं काम त्यावरच उभं राहिलं.

आता थोडं शास्त्राचं, कारण रेकॉर्डिंग ऐकून दचकणारे तुम्ही एकटे नाही. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो, एक हवेतून कानात आणि दुसरी कवटीच्या हाडांमधून थेट आतल्या कानापर्यंत. हाडातून खालच्या पट्टीचे सूर चांगले पोचतात म्हणून आपला आवाज आपल्याला भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये ही हाडाची वाट नसते, उरतो तो पातळ आवाज, जो बाकी सगळ्या जगाला कायमच ऐकू येत होता. होल्झमन आणि रूझी या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये या दचकण्याचा अभ्यास केला, आणि त्यांचं म्हणणं असं की नुसता सूर वेगळा लागतो म्हणून आपण दचकत नाही, बोलताना लपवलेलं असं वाटणारं बरंच काही, ताण, घाई, संकोच, त्या आवाजात उघडं पडलेलं असतं, ते ऐकून दचकतो. आणि एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली की ती हळूहळू आवडायला लागते हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवून दिलं. म्हणजे ऐकत राहणं हा उपाय आहेच, पण कसं ऐकता यावर बरंच अवलंबून आहे. नुसतं ‘शी, काय आवाज आहे’ म्हणत पन्नास वेळा ऐकलं तर पन्नास वेळा शी होणार.

म्हणून त्याला काम दिलं. रोज एकच परिच्छेद रेकॉर्ड करायचा, तीन वेळा ऐकायचा, आणि आवाज कसा आहे याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. फक्त घडलं ते टिपायचं. श्वास कुठे ऐकू आला, प फ ब भ ला माईकवर हवा कुठे आदळली, स ची शिट्टी कुठे वाजली, कुठला शब्द गिळला गेला. आणि तीन महिने खरेदी बंद, एक वायर सुद्धा नाही. या अटीवर तो माझ्याशी भांडला, खरंच भांडला. खोलीचं काम अर्धवट आहे त्याचं काय? मी म्हटलं घरात कपड्यांचं कपाट आहे का? तर पुढचं सेशन आम्ही व्हिडिओ कॉलवर केलं तेव्हा हा गृहस्थ उघड्या कपाटासमोर स्टूल टाकून बसलेला, दोन्ही बाजूंना लटकलेले शर्ट, डोक्यावरून मागे रजई, घाम गळतोय, आणि म्हणतो कसा, “भिंतीवरच्या फोमपेक्षा इथे चांगलं येतंय.” कपडे आणि रजई आवाज शोषतात, त्यात काही जादू नाही, पण चौदा महिन्यांचा खर्च आठवून आम्ही दोघंही जरा वेळ काही बोललो नाही.

आठ-दहा दिवसांनी वही घेऊन आला. म्हणाला, “आवाज वाईट आहे का ते माहीत नाही, पण मी प्रत्येक वाक्याचा शेवट खातो. ‘आहे’, ‘होतं’, ‘केलं’ कधी ऐकूच येत नाही.” चेहऱ्यावर वेगळीच चमक. कारण आवाज बदलता येत नाही, पण वाक्याचा शेवट खाणं बंद करता येतं. त्याची खोड कुठून आली हे पण त्यानेच शोधलं, फोनवर पलीकडचा ‘मॅडम’ म्हणायच्या आत बोलणं संपवायची घाई. मुलीला गोष्ट सांगतानाचं एक रेकॉर्डिंग त्याने गुपचूप केलं होतं, त्यात एकही शेवट खाल्लेला नव्हता.

मग बायकोला ऐकवलं, मग एका जुन्या मित्राला, आणि मग अनोळखी लोकांना पाठवायचं ठरलं. साठ-सत्तर सेकंदांचा डेमो, त्यात तीन वेगळ्या ढंगाचे तुकडे, सुरुवातीलाच सगळ्यात चांगला, संगीत बेताचं. पाठवायच्या आधी प्रत्येक नावापुढे लिहायचं की काय होईल असं वाटतंय आणि किती खात्री आहे. त्याने लिहिलेलं ‘हसतील’, ‘बाईचा आवाज म्हणतील’, ‘पुरुष हवा होता असं कळवतील’, खात्री ऐंशी, नव्वद टक्के. बावीस ठिकाणी पाठवलं. अठरा ठिकाणांहून काहीच उत्तर नाही. दोघांनी सध्या काम नाही म्हणून कळवलं. एकाने दहा पानांची पूर्ण स्क्रिप्ट ‘ऑडिशन म्हणून’ फुकट वाचून मागितली, त्याला मी सांगायच्या आत यानेच नाही म्हटलं, ऑडिशनला दोन-चार ओळी पुरतात. आणि एकाने दर विचारला.

हसलं कुणीच नाही. आणि गंमत बघा, ‘उत्तरच येणार नाही’ हे त्याने एकाही नावापुढे लिहिलं नव्हतं. टिंगल पचवायची तयारी त्याने पंचवीस वर्षं केली होती, शांतता पचवायची एक दिवसही नाही. तीन आठवडे तो त्या शांततेने खचला होता, आणि मला विचाराल तर या धंद्यात टिकायचं की नाही ते तिथेच ठरतं, माईकने नाही. आम्ही एवढंच केलं की मोजायची गोष्ट बदलली, आठवड्यात कामं किती आली हे सोडून आठवड्यात पाच ठिकाणी पाठवलं की नाही एवढंच मोजायचं.

दर विचारणाऱ्याचं काम होतं एका दवाखान्याच्या फोनवर लागणारं. ‘अपॉइंटमेंटसाठी एक दाबा, रिपोर्टसाठी दोन दाबा.’ हो, फोनच. त्यांनी दोन भारदस्त आवाज आधी ऐकले होते पण फोनवर ते बुडबुड असे यायचे. साध्या टेलिफोन लाइनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच पलीकडे जातं, खर्जातला जो भारदस्तपणा असतो तो त्याच्या खाली, तिथेच कापला जातो. याचे शब्द स्वच्छ कळत होते, शेवटसुद्धा. हे ऐकून तो हसायला लागला आणि मग थोडा वेळ हसणं थांबेना.

पैशांचं थोडक्यात, कारण तो प्रश्न सगळे विचारतात. नोकरी सोडू नका असंच मी सांगितलं, निदान सहा महिने सलग कामं येत नाहीत आणि घरखर्चाची शिल्लक बाजूला पडत नाही तोवर. त्याने सोडलेली नाही. कामाआधी लेखी ठरवायचं की आवाज कुठे आणि किती काळ वापरणार, दुरुस्त्या किती वेळा फुकट, आणि या रेकॉर्डिंगवरून एआयने आवाजाची नक्कल बनवायची नाही. शेवटचं कलम आता फार महत्त्वाचं झालंय, ते एका वाक्याचं असलं तरी घाला. आणि काम देतो पण आधी नोंदणीचे पैसे भरा म्हणणाऱ्याला उत्तरसुद्धा देऊ नका.

परवा बऱ्याच महिन्यांनी त्याचा फोन आला. मेसेज नाही, फोन. ‘मॅडम’ म्हणाला मला, पहिल्यांदाच. महिन्याला तीन-चार छोटी कामं येतात, एक लहान मुलांच्या गोष्टींचं चालू आहे. अनोळखी लोक फोनवर अजूनही त्याला मॅडमच म्हणतात. आणि बायको कधीतरी त्या दवाखान्याचा नंबर लावून स्पीकरवर टाकते, मुलगी प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणते, आणि तेवढा वेळ हा स्वयंपाकघरात पाणी प्यायला जातो.