रोज सकाळी ‘रीस्टार्ट करा’ : फॉरमॅट मारण्याआधी ही चिठ्ठी कोण लिहितंय ते बघा

ताई, आधी एकच सांगतो. फॉरमॅट मारू नका.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला कळलं ते असं. दादरच्या दुकानात विंडोज १० चं मशीन आहे. डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडलं की ‘इन्स्टॉलेशन पूर्ण करण्यासाठी कॉम्प्युटर रीस्टार्ट करा’ असा मेसेज येतो. रात्री शटर ओढताना मशीन शट डाउन करता, मेन स्विचही बंद करता, तरी सकाळी मेसेज हजर. दोनदा त्या मेसेजमधलंच रीस्टार्टचं बटण दाबलंत तेव्हा सॉफ्टवेअर दिवसभर नीट चाललं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आणि लॅमिंग्टन रोडवरचा ओळखीचा माणूस म्हणाला, व्हायरस असेल, फॉरमॅट मारून देतो.

यातलं ‘दिवसभर नीट चाललं’ हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण सगळं तिथेच आहे. म्हणजे सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही. व्हायरसचं लक्षणही हे नाही.

मेसेज कुठून येतो ते आधी बघू. एखाद्या प्रोग्रॅमला स्वतःची फाइल बदलायची असते, पण ती फाइल त्याच वेळी वापरात असते. विंडोज वापरात असलेली फाइल सहसा बदलू देत नाही. मग तो प्रोग्रॅम विंडोजकडे चिठ्ठी ठेवतो: पुढच्या वेळी मशीन सुरू होईल तेव्हा, बाकी काही उघडायच्या आत, ही जुनी फाइल काढ आणि ही नवी तिथे ठेव. आपण दूधवाल्यासाठी कडीला चिठ्ठी अडकवतो ना, ‘उद्या दोन पिशव्या जास्त’, तसंच. दूधवाल्याने पिशव्या ठेवून चिठ्ठी काढून नेली की विषय संपला. चिठ्ठी तशीच राहिली, किंवा घरातलं कोणी रोज नवी अडकवत असेल, तर रोज दोन पिशव्या जास्त येणार. तुमचं सॉफ्टवेअर उघडताना फक्त कडीकडे बघतं. चिठ्ठी दिसली की म्हणतं, आधी रीस्टार्ट करा. चिठ्ठी त्याचीच आहे की दुसऱ्या कोणाची, हे ते बघत नाही.

तुमच्याकडे दोन्ही गोष्टी एकदम होताहेत असं मला वाटतं. कोणीतरी दिवसा चिठ्ठी लिहितंय, आणि रात्री मशीन बंद करून ती निघत नाहीये.

ती का निघत नाही? आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय की शट डाउन म्हणजे पूर्ण बंद आणि रीस्टार्ट म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून हे उलटं झालंय. त्यात ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली आणि बहुतेक मशीनवर ती आपोआप चालू असते. शट डाउन केलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आहे त्या स्थितीत डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच उचलून पुढे काम सुरू होतं. डिस्कवर लिहिलेलं असल्यामुळे मेन स्विच बंद केल्यानेही फरक पडत नाही. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं मुळापासून सुरू होतं, आणि चिठ्ठी वाचली जाते ती तेव्हाच.

खात्री करून घ्यायची असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’, मग ‘सीपीयू’. खाली ‘अप टाइम’ लिहिलेलं असतं, पहिला आकडा दिवसांचा. रोज रात्री मशीन बंद करत असूनही तिथे आठ, दहा, पंधरा दिवस दिसले, तर ते मशीन खऱ्या अर्थाने तितके दिवस बंदच झालेलं नाही.

सोय काढायची तर कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, डावीकडे ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’. वरची ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअवेलेबल’ ही ओळ दाबल्याशिवाय खालच्या टिक हलत नाहीत, लोक इथेच अडकतात. ती दाबा, ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ची टिक काढा, सेव्ह करा. जुनी हार्ड डिस्क असेल तर सकाळी मशीन सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागेल, तेवढा चालवून घ्या. सेटिंगला हात लावायचा नसेल तर शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा, तेवढ्यापुरतं मशीन पूर्ण बंद होतं.

एवढ्याने मेसेज बहुधा सकाळचा जाईल. पण चिठ्ठी लिहिणारा तसाच राहील आणि कधीतरी भर दुपारी, गिऱ्हाईक समोर उभं असताना, सॉफ्टवेअर बंद करून उघडलंत की पुन्हा मेसेज दिसेल. म्हणून त्याला शोधायचा.

इथे माझा एक अनुभव सांगतो, कारण फॉरमॅटला मी इतका का विरोध करतो ते त्यातून कळेल. गिरगावात एका काकांचं डीटीपीचं दुकान मी बरीच वर्षं सांभाळत होतो. गणपतीच्या तोंडावर, मंडळांच्या पावतीपुस्तकांची कामं टेबलावर रचलेली असताना त्यांना हाच मेसेज यायला लागला. घाई होती म्हणून मी रात्रीत फॉरमॅट मारला. सकाळी सगळं झकास. तिसऱ्या दिवशी मेसेज परत आला. शिवाय काकांच्या जुन्या मराठी फाँटचा एक संच गेला तो गेलाच. त्या फाँटमधल्या आधीच्या वर्षांच्या फाइली उघडल्या की नुसती अक्षरांची खिचडी दिसायची. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, आणि ते मला जास्त लागलं.

मग मी शांतपणे बसून ती चिठ्ठी प्रत्यक्ष उघडून वाचली. तुम्हीही वाचू शकता. विंडोजचं बटण आणि आर दाबा, ‘रेजएडिट’ टाइप करून एंटर, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदींचा एडिटर उघडेल. डाव्या बाजूला क्रमाने उघडत जा: एचकी लोकल मशीन, सिस्टम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, सेशन मॅनेजर. उजवीकडे ‘पेंडिंग फाइल रिनेम ऑपरेशन्स’ हे नाव शोधा, सगळे शब्द जोडून लिहिलेले असतात. नावच नसेल तर त्या क्षणी कडीला चिठ्ठी नाही. असेल तर डबल क्लिक करा. ओळी दिसतील, सुरुवातीला उलटी तिरकी रेघ, दोन प्रश्नचिन्हं, पुन्हा तिरकी रेघ आणि मग फाइलचा पूर्ण पत्ता. या ओळी जोडीने वाचायच्या. पहिली ओळ म्हणजे कुठली फाइल, दुसरी म्हणजे ती कुठे न्यायची. दुसरी रिकामी असेल तर ती फाइल पुसून टाकायची आहे.

फोनने फोटो काढा आणि ‘कॅन्सल’ दाबून बाहेर या. त्यातली एखादी ओळ खोडून ‘ओके’ कधीही दाबू नका. रिकाम्या ओळींना इथे अर्थ आहे, आणि हा एडिटर सेव्ह करताना रिकाम्या ओळी काढून टाकतो. जोड्या विस्कटल्या की भलतीच फाइल भलतीकडे जाऊ शकते.

काकांच्या मशीनवर सगळ्या ओळी प्रिंटरच्या फोल्डरमधल्या होत्या. शाई किती उरली ते दाखवणारा, घड्याळाशेजारी बसलेला छोटा प्रोग्रॅम रोज स्वतःला अपडेट करायला जायचा, स्वतःचीच फाइल वापरात असल्यामुळे अडायचा आणि चिठ्ठी लिहायचा. मी फॉरमॅटनंतर तीच सीडी टाकून त्याला पुन्हा आत घेतला होता. तो प्रोग्रॅम काढला, नुसता प्रिंटरचा ड्रायव्हर ठेवला. मेसेज गेला तो कायमचा.

तुमच्याकडेही फोल्डरचं नाव बघा, बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो. ओळीत ‘स्पूल’ दिसलं तर प्रिंटर. ब्राउझर, अँटिव्हायरस, क्लाउडवर फाइली चढवणारे प्रोग्रॅम हेही नेहमीचे. वेळेची एक परीक्षा अवश्य करा: खरा रीस्टार्ट मारा, लगेच ती जागा बघा, मग पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. विंडोज सुरू होतानाच यादी वाचून ती काढून टाकते, त्यामुळे जे दिसेल ते त्यानंतर कोणीतरी नव्याने लिहिलेलं असतं.

नावावरून कळलं नाही तर निम्मे-निम्मे करत जा. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ यादीतले निम्मे प्रोग्रॅम डिसेबल करा, रीस्टार्ट, चिठ्ठी येते का बघा. येत नसेल तर चोर त्या निम्म्यात. दोन-तीन फेऱ्यांत नाव हाती लागतं. लागलं नाही तर हेच ‘एमएसकॉन्फिग’मधल्या सर्व्हिसेसवर (पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम) करायचं; विंडोजचं बटण आणि आर दाबून तेच नाव टाइप केलं की ते उघडतं, पण तिथे आधी ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’ची टिक, आणि फाँट चालायला यूएसबीत लावायची चावी, म्हणजे डोंगल, असेल तर तिची सर्व्हिस मात्र चालूच ठेवा.

यादी रिकामी आहे आणि तरी मेसेज येतो, असं झालं तर विंडोज अपडेटचं पान उघडून बघा. तिथे अर्धवट अडकलेलं अपडेट असलं की त्याची वेगळी खूण राहते आणि काही सॉफ्टवेअर तीही बघतात. पत्रिकांच्या मोठ्या फाइलींनी सी ड्राइव्ह गच्च भरला असेल तर अपडेट पुरं होतच नाही, आधी जागा करा.

अजून एक शक्यता तुमच्या दुकानाला लागू पडेल असं वाटतं. मशीनवर पोरं काम करतात म्हटलंत. त्यांना साधं अकाउंट दिलं असेल, अ‍ॅडमिनचं नाही, तर रीस्टार्टनंतर ‘एकदाच चालव’ म्हणून ठेवलेली काही कामं त्यांच्या लॉगिनमध्ये चालतच नाहीत. इन्स्टॉलेशनचं शेवटचं पाऊल तसंच लटकून राहतं. एकदा स्वतः अ‍ॅडमिनने लॉगिन करा, सॉफ्टवेअरवर राइट क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडा आणि बंद करा. त्यानेही भागलं नाही तर प्रोग्रॅम्सच्या यादीत ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस’च्या (बऱ्याच सॉफ्टवेअरना चालायला लागणारा मायक्रोसॉफ्टचा भाग) नोंदी असतील, त्यांना ‘चेंज’मधून ‘रिपेअर’ द्या. हा भाग बसवताना ३०१० हा कोड आला तर अर्थ ‘काम झालं, पण रीस्टार्ट हवा’ असा असतो, आणि काही सॉफ्टवेअर उघडताना दर वेळी हा भाग तपासतात.

ती चिठ्ठीच डिलीट करून टाका असा सल्ला कोणी देईल. मी तो तुम्हाला आज देणार नाही. यादीत विंडोजच्याच फाइली असतील तर अर्धं राहिलेलं काम कायमचं अर्धं राहतं. तशी वेळ आलीच तर आधी रिस्टोअर पॉइंट (बिघडलं तर विंडोज मागे नेण्याची खूण) आणि सेशन मॅनेजर या कीचा एक्स्पोर्ट, म्हणजे तिची प्रत, हे दोन्ही झाल्याशिवाय हात लावायचा नाही.

आज रात्री शटर ओढण्याआधी एवढं करा: फाँटचं फोल्डर, टेम्प्लेटं आणि चालू कामं पेन ड्राइव्हवर घ्या, फास्ट स्टार्टअपची टिक काढा, एक खरा रीस्टार्ट मारा. मग अप टाइमचा एक फोटो आणि त्या यादीचे दोन, लगेचचा आणि पंधरा मिनिटांनंतरचा, असे इथे टाका. फोटोत गिऱ्हाइकाच्या फाइलचं नाव आलं तर तेवढं झाका. ओळी बघून कुठला प्रोग्रॅम काढायचा ते मी सांगतो.