दोन्ही पेन्शन मिळतील का?

प्रश्न : जिल्हा परिषदेतून 2012 मध्ये निवृत्त झालेले माझे पती नुकतेच वारले. पेन्शनचा काही भाग त्यांनी विकला होता, म्हणजे त्याचे एकरकमी पैसे घेतले होते. मी स्वतः पेन्शनर शिक्षिका. मला त्यांचं काही मिळेल?

उत्तर : ताई, नक्की मिळेल. तुमची पेन्शन कुठे जात नाही, कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे पतीच्या मागे पत्नीला मिळणारी पेन्शन, त्याशिवाय. ‘दोन्हींपैकी एकच घ्या’ असं कुणी म्हटलं, तर लेखी मागा. राज्याच्या 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांनुसार सर्वसाधारण दर शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के, वर महागाई वाढ. हिशेब वेतनावर होतो, म्हणून विकलेल्या भागाची कपात तुमच्या रकमेतून होत नाही. ही धास्ती उगाच फार जणींना असते. मृत्यूचा दाखला आणि पतींचा पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश) घेऊन जा. पीपीओवरचं तुमचं नाव आधारशी जुळतं का, ते आधी बघा. नोव्हेंबरात हयातीचा दाखला दोन्हींसाठी द्या.