सोफ्याच्या जुन्या गाद्यांना घरी कव्हरं शिवावीत की रेक्झिन बसवून घ्यावं?

घरीच शिवा. समुद्राजवळ राहत असाल तर रेक्झिनचं नावही काढू नका. तुम्ही लिहिलंय की घर गुहागरला आहे, गाद्यांचं कापड विरलंय आणि दुकानदार म्हणतो रेक्झिन टाका, दहा वर्षं बघायला नको. अगदी हेच मी आमच्या भाऊजींच्या तोंडून ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रकाठच्या हर्णैच्या बाजूला. ओटीवर सासऱ्यांनी करून घेतलेला फणसाच्या लाकडाचा सोफा आहे, त्यावर तीन गाद्या. कव्हरं विरली तेव्हा मी शिवते म्हणत होते. भाऊजी मुंबईहून आले होते. "वहिनी, रेक्झिन लावा, ओल्या फडक्याने पुसलं की झालं," म्हणाले आणि माझं ऐकून न घेता कारागीर बोलावला. त्याने फोमला गोंद लावून रेक्झिन चिकटवलं आणि चारी बाजूंनी शिवून टाकलं. चेन ठेवलीच नाही. पहिल्या पावसाळ्यात शिवणीच्या कडेने बुरशीचे काळे ठिपके आले. पुसले की चार दिवसांत पुन्हा हजर. दुसऱ्या वर्षी बसायच्या जागी पापुद्रे सुटायला लागले. पाहुणे उठले की त्यांच्या कपड्यांना ते तपकिरी पापुद्रे चिकटलेले असायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. ओटीवरची कौलं उडाली, वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या. दोन दिवस आम्ही नुसते पागोळ्यांखाली भांडी लावत होतो. तिसऱ्या दिवशी गादी बाजूला करायला गेले तर एका हाताने उचलेना. वरून कोरडी ठणठणीत, आत पाणीच पाणी. शिवणीतून शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाटच नव्हती. ब्लेडने रेक्झिन कापलं तेव्हा सडक्या फडक्यासारखा वास आला. फोम खालच्या बाजूने हिरवट पडलेला. फोम पिळायचा नसतो, फाटतो. तळव्यांनी दाबून दाबून पाणी काढलं आणि पडवीत वाऱ्याला उभे करून ठेवले. दोन वाचले, तिसरा फेकावा लागला.

कापड आणणार कुठून? टाळेबंदी होती, रस्त्यांवर झाडं पडलेली, वीज तर पुढे महिनाभर नव्हती. सासूबाईंनी पेटीतून आहेराची सोलापुरी चादर काढली. "ठेवून काय करायचीय, काप," म्हणाल्या. पायमशीनही त्यांचीच. तीच मशीन भंगारात द्या म्हणून भाऊजींनी दोनदा सांगितलं होतं. वीज नसताना तीच चालली.

आता मापाचं. आमची गादी २२ बाय २२ इंच, जाडी ४ इंच. वरचा आणि खालचा तुकडा २३ इंची, बाजूची पट्टी ५ इंच रुंद. शिलाईला दोन्हीकडे अर्धा इंचच धरा. जास्त सोडाल तर कव्हर सैल होतं आणि बसलं की चुण्या पडतात. ६० बाय ९० इंची चादरीत तिन्ही गाद्यांची कव्हरं बसली. दुकानात सोफ्याचं कापड ५४ इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, मिळतं. त्यात एका गादीला मीटरभर धरा, कडेच्या पायपिंगची उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी वेगळी. सुती कापड असेल तर कापण्याआधी धुऊन वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं आणि मग फोम आत जात नाही.

कोपऱ्यावर घाई नको. पट्टीला तिथे अर्ध्या इंचाला जरा कमी अशी कात्री मारायची, सुई कापडात रुतलेली ठेवून दाबपट्टी, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, उचलायची, कापड वळवायचं आणि पुढचे चार टाके हाताने चाक फिरवून घ्यायचे. सुई १८ नंबरची लावा, बारीक सुई मोडते. दोरा पॉलिएस्टरचा.

चेन मागच्या पट्टीत बसवा आणि दोन्ही कोपऱ्यांवरून तीन-तीन इंच पुढे न्या, तरच फोम आत सरकतो. धातूची चेन घेऊ नका. खाऱ्या हवेने गंजते, रनर अडकतो आणि कापडावर पडलेले डाग जात नाहीत. नायलॉनची घ्या. माझ्याकडे तेव्हा चेन नव्हती, मी त्याच चादरीच्या काठाचे बंद लावले. आजही तेच आहेत.

पुढच्या गणपतीत भाऊजी आले. सोफा बघून म्हणाले, "चांगली चादर फुकट घालवलीत, तो कारागीरच बरोबर नव्हता." कारागीर कितीही चांगला असता तरी आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातली ओल गोंदाने चिकटवलेल्या गादीतून कुठे जाणार? मी त्यांच्यासमोर बंद सोडले, कव्हर काढलं, धुतलं आणि दोरीवर टाकलं. फोम संध्याकाळपर्यंत वाऱ्याला ठेवला. कडक उन्हात मात्र ठेवत नाही, उन्हाने त्याचा भुसा होतो.

एक राहिलं. कापड घेण्याआधी फोम अंगठ्याने दाबून बघा. खड्डा भरून आला नाही तर आधी फोम बदला आणि मापं नव्या फोमचीच घ्या.