नेत्याचं वैयक्तिक कर्ज हा त्याचा खाजगी मामला नाही का?

तुम्ही विचारलंय की नेत्याने घरासाठी नाहीतर धंद्यासाठी कर्ज काढलं तर लोकांना त्याचं काय, संपत्ती जाहीर करतो तेवढं पुरेसं नाही का. माझ्या मते अजिबात पुरेसं नाही, आणि पेपरवाले प्रत्येक निवडणुकीला कोण किती कोटींचा मालक एवढंच छापतात याचा मला खरंच राग येतो, कारण त्याच प्रतिज्ञापत्रात पुढे देणी लिहिलेली असतात आणि तिकडे कोणी फारसं बघत नाही.

मी केंद्र सरकारच्या नोकरीतून रिटायर झालोय. आम्हाला १९६४ चे वर्तणूक नियम लागू असायचे, त्यातला सोळावा नियम असा की ज्याच्याशी तुमचं ऑफिसचं काम पडू शकतं त्याच्याकडून उसने पैसे घ्यायचे नाहीत, त्याच्या पैशाच्या उपकारात राहायचं नाही. नातेवाईक किंवा जवळच्या मित्राकडून छोटी बिनव्याजी रक्कम तात्पुरती चालते, बँकेचं नेहमीचं कर्ज चालतं, बाकी नाही. हे साध्या क्लार्कलाही लागू आहे. आमदार-खासदार-मंत्र्यांना हे नियम लागू नाहीत. मंत्र्यांसाठी एक आचारसंहिता आहे, त्यात दरवर्षी ३१ ऑगस्टपर्यंत संपत्ती आणि देणी पंतप्रधानांना किंवा मुख्यमंत्र्यांना कळवायची असं लिहिलंय, पण तो कायदा नाही, मोडली तर कोर्टात जाता येत नाही.

आता यात नक्की बिघडतं काय ते बघायला मला ब्रिटनमधलं पीटर मँडेलसनचं प्रकरण सगळ्यात चांगलं वाटतं. १९९६ मध्ये लेबर पक्ष विरोधात असताना त्यांनी लंडनच्या नॉटिंग हिलमध्ये घर घेतलं आणि त्यासाठी आपल्याच पक्षाचे श्रीमंत खासदार जेफ्री रॉबिन्सन यांच्याकडून ३,७३,००० पौंड घेतले. पुढच्या वर्षी सरकार आलं, दोघंही मंत्री झाले, आणि १९९८ च्या जुलैत मँडेलसन व्यापार आणि उद्योग खात्याचे मंत्री झाले. त्याच खात्यात रॉबिन्सन यांच्या उद्योगांची चौकशी चालू होती! म्हणजे धनको चौकशीखाली आणि ऋणको त्या खात्याचा प्रमुख, आणि खात्याच्या सचिवाला या कर्जाचा पत्ताच नाही. मँडेलसन म्हणाले मी त्या चौकशीपासून लांब राहिलो होतो, आणि त्यांनी ढवळाढवळ केली असं काही सिद्धही झालं नाही, तरी २३ डिसेंबर १९९८ ला दोघांनाही राजीनामा द्यावा लागला. मला हे बरोबर वाटतं. लाच घेतली का हा प्रश्नच नव्हता, ज्या अधिकाऱ्यांनी मंत्र्याला त्या फाईलपासून बाजूला ठेवायचं त्यांनाच माहिती नव्हती हा प्रश्न होता.

जर्मनीत तर राष्ट्राध्यक्षांचं पद गेलं. क्रिस्टियान वुल्फ लोअर सॅक्सनी राज्याचे मुख्यमंत्री असताना २००८ मध्ये त्यांनी घरासाठी ५ लाख युरो घेतले, उद्योजक एगॉन गेर्केन्स यांच्या बायकोकडून. २०१० मध्ये विधानसभेत विचारलं की गेर्केन्स यांच्याशी तुमचे व्यावसायिक संबंध आहेत का, उत्तर आलं नाहीत. कागदावर बायकोचं नाव होतं म्हणून ते उत्तर शब्दशः कदाचित बसेलही, पण विचारणाऱ्याला काय हवं होतं ते सगळ्यांना कळत होतं ना. डिसेंबर २०११ मध्ये बिल्ड या पेपरकडे बातमी आहे हे कळल्यावर, तोपर्यंत राष्ट्राध्यक्ष झालेल्या वुल्फ यांनी संपादकाच्या फोनवर चिडून निरोप ठेवला, तोही बाहेर आला, आणि १७ फेब्रुवारी २०१२ ला ते पायउतार झाले. नंतर कोर्टात जो खटला चालला तो एका वेगळ्या छोट्या हॉटेलखर्चाचा होता, त्यातून २०१४ मध्ये ते निर्दोष सुटले हेही सांगितलं पाहिजे. कर्ज घेणं गुन्हा नव्हताच, लपवणं भोवलं.

आणि कर्ज स्वतः द्यायलाच लागतं असंही नाही, जामीन राहिलं तरी पुरतं. बोरिस जॉन्सन पंतप्रधान असताना एका लांबच्या नातेवाईकाने त्यांच्या ८ लाख पौंडांपर्यंतच्या कर्जाला हमी द्यायची तयारी दाखवली, त्या नातेवाईकाची कॅबिनेट सचिवाशी गाठ घालून दिली रिचर्ड शार्प यांनी, आणि तेव्हाच शार्प यांचा बीबीसीच्या अध्यक्षपदासाठी अर्ज होता. पद मिळालं, पण हे सगळं त्यांनी नीट उघड केलं नव्हतं असं चौकशीत आलं आणि एप्रिल २०२३ मध्ये शार्प यांनी राजीनामा दिला.

म्हणून रक्कम किती यावर जाऊ नका. शास्त्रीजींनी पंतप्रधान असताना फियाट घ्यायला पंजाब नॅशनल बँकेचं ५,००० रुपये कर्ज काढलं होतं, त्यात कोणाला काही वावगं दिसलं का? पगारातून हप्ता जाणारं होमलोन असलेला आमदार मला उलट बरा वाटतो. बघायचं ते एवढंच की पैसे कोणाचे आहेत, बाजारापेक्षा स्वस्त आहेत का, आणि देणाऱ्याचं काही काम या माणसाच्या सहीवर अडलंय का.

आपल्याकडे २००२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे उमेदवाराला देणी सांगावीच लागतात. फॉर्म २६ मध्ये, म्हणजे उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्राच्या ठरलेल्या नमुन्यात, बँकेचं कर्ज वेगळं आणि इतर व्यक्ती किंवा संस्थांचं वेगळं, नाव, बाकी रक्कम आणि प्रकार असं लिहायचं असतं, जोडीदार आणि अवलंबितांचंसुद्धा. पण व्याजदर, मुदत, तारण यांचा रकाना नाही. निवडून आल्यावर लोकसभेच्या खासदाराने शपथेनंतर ९० दिवसांत एकदा माहिती द्यायची, मग मधल्या काळात कोणाकडून किती घेतले हे मतदाराला पुढच्या निवडणुकीलाच कळणार. राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांचं रजिस्टर आहे पण त्यात संचालकपद, शेअर्स, सल्लागारी असल्या पाच गोष्टी, कर्ज नाही, आणि लोकसभेत तर तसं रजिस्टरच नाही.

महाराष्ट्रात अजून एक घोळ आहे. आपल्या पुढाऱ्यांचं मोठं कर्ज त्यांच्या नावावर नसतंच, ते सहकारी साखर कारखान्याच्या किंवा सूतगिरणीच्या नावावर असतं, म्हणून प्रतिज्ञापत्रात दिसत नाही. कारखान्याला कर्ज हवं असलं की बऱ्याचदा राज्य सरकारची थकहमी लागते, म्हणजे कारखान्याने पैसे थकवले तर सरकार भरेल अशी हमी, ती मंत्रिमंडळ देतं, आणि ज्यांचे कारखाने आहेत ते मंत्रिमंडळात किंवा सत्तेच्या बाजूला बसलेले असतात. मे २०११ मध्ये या कारखान्यांना कर्ज देणाऱ्या राज्य सहकारी बँकेचं संचालक मंडळ बरखास्त करून प्रशासक नेमले, त्या मंडळात सगळ्या मोठ्या पक्षांची माणसं होती. नागरी सहकारी बँकांच्या संचालकांना आणि त्यांच्या नातेवाईकांना कर्ज द्यायला रिझर्व्ह बँकेने २००३ पासूनच बंदी घातलीय, मग आपल्याच कारखान्याच्या थकहमीचा विषय आला की मंत्र्याने बैठकीतून उठून जायचं असा साधा नियम का नाही?

तोपर्यंत आपल्या हातात आहे ते असं की निवडणूक आयोगाच्या साईटवरून तुमच्या आमदाराचं प्रतिज्ञापत्र डाऊनलोड करा, देण्यांमध्ये बँक सोडून इतरांकडून घेतलेल्या कर्जाची ओळ शोधा, तिथे जी नावं असतील ती कंत्राटदार किंवा बिल्डर आहेत का ते गावात विचारा, आणि मागच्या निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्राशी ताडून बघा. तेच कर्ज दोन्हीकडे रुपयाही कमी न होता तसंच असेल तर ते परत मागितलं का जात नाही हे पुढच्या सभेत उभं राहून विचारा.