वाचकांचे प्रश्न: लष्करी ट्रकामागे कॅरव्हॅन

प्रश्न: लष्कराने निकाली काढलेला एखादा फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारा) ट्रक लिलावात घेऊन त्यामागे साधारण दीड टन वजनाची कॅरव्हॅन (मागे ओढून न्यायचे फिरते घर) जोडावी आणि कुटुंबासह चोर्ला घाटातून बेळगावकडे व तिथून पुढे फिरावे, असा माझा विचार आहे. चढावर इंजिनाची ताकद पुरेल का? ट्रकात कोणते बदल करावे लागतील? (एक वाचक, डिचोली)

उत्तर: ताकद नक्की पुरेल. जबलपूरमध्ये 1959 पासून जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने तयार झालेल्या शक्तिमान ट्रकाला सहा सिलिंडरचे, शंभराहून अधिक अश्वशक्तीचे इंजिन असे, आणि त्याच्या जागी आलेला अशोक लेलँडचा स्टॅलियन तर पाच टन माल घेऊन रानातून जाण्यासाठीच बांधलेला आहे. दीड टनाची कॅरव्हॅन मागे आहे हे अशा ट्रकाला चढावर जेमतेम जाणवेल. आपली खरी कसोटी लागेल ती कागदपत्रे, जोडणी, वीज आणि उतार या बाबतीत, म्हणून त्यांविषयी सविस्तर लिहितो.

पहिली पायरी कागदपत्रांची, आणि ती बोली लावण्यापूर्वीची आहे. निकाली काढलेल्या सरकारी वाहनांचे लिलाव बहुधा एमएसटीसी या केंद्र सरकारी कंपनीमार्फत ऑनलाइन होतात. 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण थांबले असून अशी वाहने नोंदणीकृत भंगार केंद्रांकडेच जावीत असा नियम आहे. संरक्षणाच्या प्रत्यक्ष कामातील विशेष वाहनांना त्यातून सूट आहे, परंतु ती सूट लष्कराच्या वापरापुरती आहे. त्यामुळे विकत घेणाऱ्याला नोंदणी मिळेलच, असा तिचा अर्थ नाही. म्हणून वाहन रस्त्यावर चालवण्यासाठी विकले जात आहे की केवळ मोडीत काढण्यासाठी, हे त्या विशिष्ट लॉटच्या अटींत शब्दशः वाचून घ्यावे. लष्करी सेवेतून बाहेर पडलेल्या वाहनाची मोटार वाहन कायद्याच्या कलम 60 प्रमाणे मुलकी नोंदणी करावी लागते, आणि ती देता येईल का हे आपल्या भागातील वाहतूक खात्याच्या कार्यालयाकडून लेखी घ्यावे. तोंडी होकारावर लाखो रुपये गुंतवू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

बदलांची मर्यादाही येथेच ठरते. कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाजोगता फेरफार करता येत नाही, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बाब अधिक कडक शब्दांत स्पष्ट केली. ट्रकाच्या हौद्यावर झोपण्याची खोली बांधली, तर वाहनाचा प्रकारच बदलतो आणि मान्यतेचे मोठे प्रकरण उभे राहते. ट्रक मालवाहूच ठेवून राहण्याची सोय स्वतंत्र नोंदणीच्या कॅरव्हॅनमध्ये करण्याची आपली योजना त्या दृष्टीने शहाणपणाची आहे. मात्र मालवाहू म्हणून नोंद झाली की फिटनेस आणि परमिट आलेच, आणि 7500 किलोंहून अधिक सकल वजनाचे (वाहन आणि माल मिळून) वाहन हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येत नाही. केवळ एवढ्या कारणासाठीही मी पाच टनी ट्रकापेक्षा टाटाच्या अडीच टनी एलपीटीए 713 सारखा लहान ट्रक आधी पाहीन, अर्थात त्याच्या कागदावरील सकल वजनाचा आकडा तपासूनच.

आता जोडणी. लष्करी ट्रकाच्या मागचा जबड्यासारखा हुक तोफा आणि जड ट्रेलर ओढण्यासाठी असतो. त्यात कडी सैल बसते आणि प्रत्येक खड्ड्यागणिक हिसका देते. बहुतेक कॅरव्हॅनना 50 मिलिमीटर गोळ्याची जोडणी लागते, आणि तिची उंची जमिनीपासून साधारण 40 सेंटिमीटर असते, तर ट्रकाचा हुक त्याहून बराच वर असतो. नाक वर करून ओढलेल्या कॅरव्हॅनचा भार मागे सरकतो आणि ती वेगात शेपटी हलवू लागते. म्हणून चॅसीच्या आडव्या तुळईला नटबोल्टने पक्की केलेली, खाली उतरवलेली जोडपट्टी लागेल. ती बसवताना चॅसीच्या वरच्या-खालच्या कडांना छिद्रे पाडू नयेत आणि वेल्डिंगही करू नये, कारण वाकण्याचा ताण त्या कडाच पेलतात. छिद्र उभ्या पत्र्यात, तेही फिटरने मोजून पाडावे. जोडणीवरचा भार कॅरव्हॅनच्या वजनाच्या पाच ते सात टक्के, म्हणजे आपल्या बाबतीत 75 ते 105 किलो ठेवावा. शिवाय पाच टनांसाठी रचलेले पाटे (स्प्रिंगा) रिकाम्या हौद्याखाली जराही दबत नाहीत आणि तो सगळा हादरा कॅरव्हॅनच्या कपाटांपर्यंत जातो. पाटे काढण्यापेक्षा पाण्याच्या टाक्या आणि जड सामान हौद्यात, मागच्या आसाच्या किंचित पुढे, तळाशी बांधून न्यावे. त्याने पावसात मागच्या चाकांची पकडही सुधारते.

विजेच्या बाबतीत तर फार जपायला हवे. या ट्रकांची वीज 24 व्होल्टची असते, तर कॅरव्हॅनची 12 व्होल्टची. सरळ वायर जोडली तर ब्रेक दाबताक्षणी मागचे दिवे जळून निकामी होतील, आणि मागून येणाऱ्याला आपण थांबत आहोत हे कळणारच नाही. ट्रकात 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागून एक जोडलेल्या असतात, त्यामुळे त्यांपैकी एकीवरूनच वीज घेण्याचा सोपा वाटणारा उपाय गॅरेजमध्ये हमखास सुचवला जातो. तो कृपया करू नये. ज्या बॅटरीवरून वीज घेतली ती अर्धवट उतरलेली राहते, दुसरी प्रमाणाबाहेर चार्ज होते, आणि थोड्याच काळात दोन्ही निकामी होतात. दिव्यांसाठी 10 ते 30 व्होल्टवर चालणारे एलईडी आणि कॅरव्हॅनच्या बॅटरीसाठी 24 वरून 12 व्होल्ट करणारा चार्जर, हा योग्य मार्ग होय.

उतारासाठी तर आधीच तयारी हवी. कॅरव्हॅनला ढकलब्रेक असेल, म्हणजे ट्रक मंदावला की कॅरव्हॅन पुढे रेटते आणि त्या रेट्यानेच तिचे ब्रेक लागतात, तर ट्रकाच्या हवेच्या ब्रेकशी तिची नळी जोडावी लागत नाही. ही मोठी सोय आहे. परंतु चोर्ल्यावरून केरीकडे उतरताना आपण खालच्या गियरमध्ये इंजिनाच्या जोरावर गाडी रोखून धरली, तरी कॅरव्हॅन सतत रेटतच राहते आणि तिचे ब्रेक घाटभर घासत राहतात. ट्रकाचे ब्रेक थंड असल्यामुळे चालकाला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून घाटात मोकळी जागा मिळेल तिथे थांबावे, कॅरव्हॅनच्या चाकांजवळ हात नेऊन उष्णता पाहावी, जळका वास येत असेल तर अर्धा तास गाडी हलवू नये. जोडणी सुटल्यास कॅरव्हॅनचे ब्रेक आपोआप लावणारी तार रोज निघण्यापूर्वी तपासावी.

प्रश्न: असा ट्रक फोर बाय फोर लावून किनाऱ्याच्या वाळूत नेता येईल का? आणि गोव्याच्या हवेत तो टिकेल का? (एक वाचक, काणकोण)

उत्तर: गोव्यातील किनाऱ्यांवर वाहन चालवण्यास बंदी आहे आणि ती योग्यच आहे, त्यामुळे पहिला प्रश्न निकालात निघतो. पुढच्या चाकांचा जोर ओल्या मातीपुरताच लावावा. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो लावून वळणे घेतली, तर पुढचे व मागचे आस एकमेकांना पीळ देतात आणि गियरची मोडतोड होते. टिकण्याविषयी सांगायचे, तर जाड लष्करी रंगाखाली गंज बेमालूम वाढतो. चॅसीचे सांधे आणि पाट्यांमधल्या फटी तारेच्या ब्रशने खरवडून पाहाव्यात, त्यावर जस्तयुक्त प्रायमर द्यावा आणि किनारपट्टीवरून आल्यावर खालची बाजू गोड्या पाण्याने धुवावी. टायरांच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. नक्षी नवीकोरी दिसली तरी दहा वर्षांहून जुना टायर कुटुंबाला घेऊन निघालेल्या गाडीला ठेवू नये, आणि नव्या टायरांचा खर्च बोलीच्या रकमेत आधीच धरावा.